पंडिता रमाबाई : छळलेल्या लेकरांची आई



गिरगाव चौपाटीवर आपण सगळेच जातो. डिलाईल रोडहून बस पकडायची, मुलांना वाळूत मोकळे सोडायचे, भेळ खायची आणि अंधार पडला की घरी परतायचे. त्याच चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी एका घराचे दार उघडले. पहिल्या दिवशी आत मुली होत्या फक्त दोन. घराचे नाव शारदा सदन, आणि ते उघडणाऱ्या बाईंचे नाव पंडिता रमाबाई. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या आणि त्यांच्या पदरी सात वर्षांची मुलगी होती.

रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे तर त्या कुठल्याच एका पंथाच्या चौकटीत मावल्या नाहीत. तरीही त्यांची गोष्ट आपल्या पत्रिकेत यावी असे मला बरेच दिवस वाटत होते. घरातच किंवा घराच्या ओळखीच्या माणसाकडून ज्या मुलाचा छळ झाला, ज्याच्या अंगाला वाईट हेतूने हात लागला, त्या मुलाचे पुढे काय करायचे? हा प्रश्न आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत, आपल्या धर्मग्रामातही आहे. आपण त्याच्यावर बोलत नाही, एवढेच. रमाबाईंनी जवळजवळ सगळे आयुष्य याच प्रश्नावर घालवले.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या रानातल्या ठिकाणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित. आई लक्ष्मीबाई. या दोघांचे लग्न कसे झाले हे रमाबाईंनी पुढे आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहिले आहे. एक गृहस्थ कुटुंबाला घेऊन तीर्थयात्रेला निघाले होते. गोदावरीवर स्नानाला आलेला एक चाळिशी उलटलेला, रूपवान, विधुर ब्राह्मण त्यांनी पाहिला. नाव, गाव, गोत्र विचारले आणि दुसऱ्या दिवशी आपली नऊ वर्षांची मुलगी त्याला देऊन टाकली. मग ते कुटुंब पुढच्या वाटेला लागले आणि मुलगी त्या अनोळखी माणसाबरोबर दूर देशी गेली. तो माणूस भला निघाला. त्याने बायकोला जीव लावला, लोकांचा विरोध पत्करून तिला संस्कृत शिकवले आणि त्या बाईने पुढे रमाबाईंना शिकवले. पण भला निघाला हे नशीब. रमाबाईंच्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत ते नशीब नव्हते. तिचे लहानपणीच लग्न लावले आणि तिच्या वाट्याला दुःखच आले. त्यामुळे धाकट्या मुलीचे लग्न अनंतशास्त्रींनी लहानपणी लावलेच नाही. रमाबाई वाचल्या त्या थोरल्या बहिणीच्या किमतीवर, असे म्हटले तरी चालेल.

हे कुटुंब देवळादेवळांतून पुराणे सांगत फिरत असे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी गेली. भीक मागायची लाज, मजुरी करायची सवय नाही, आणि विद्या असून घरात दाणा नाही. रानातली पाने आणि फळे खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग बहीण. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास उरले. दोघे हजारो मैल पायी हिंडले. थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नसे. उपाशी, एकटी, तरुण मुलगी रस्त्यावर असली की जग तिच्याकडे कसे बघते हे रमाबाईंना कुणाच्या सांगण्यावरून कळले नाही. वीस-बावीस वर्षांनी दुसरा दुष्काळ पडला तेव्हा त्यांना हेच आठवले.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. देशभर नाव झाले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते बंगाली, जातीने शूद्र समजले जाणारे; म्हणजे त्या काळच्या मानाने दुहेरी बंड. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. संसार पावणेदोन वर्षांचाही झाला नाही.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी. पुरुष डॉक्टरला आपले दुखणे सांगता येत नाही म्हणून किती बायका जिवाला मुकतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. आज अत्याचार झालेल्या मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी असे कायदा म्हणतो. ही साधी गोष्ट कायद्यात यायला १३० वर्षे लागली.

डॉक्टर व्हायचे मनात धरून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पुस्तक विकून जमवलेले पैसे आणि कडेवर मनोरमा. वाँटेज या गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. पण कान अधू होत चालल्यामुळे डॉक्टरकीचा मार्ग बंद झाला. तिथल्या मदर सुपीरियरनी त्यांना हवापालट म्हणून लंडनला धाडले. त्या धर्मभगिनींचे तिथे फुलहॅम भागात एक घर होते. ज्यांना समाज पतित म्हणतो अशा बायका आणि मुली तिथे राहत. रमाबाईंनी पाहिले की सिस्टर्स त्यांच्याशी घरच्यासारख्या वागतात, कुणी नाक मुरडत नाही, कुणी मागचे उकरून काढत नाही. ज्या शास्त्रांवर त्या वाढल्या होत्या त्यांत अशा बाईला शिक्षा होती, जागा नव्हती. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. उत्तरादाखल सिस्टरने त्यांना संत योहानच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या आयुष्याची दिशा त्या घरात ठरली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा वाँटेजला झाला.

बाप्तिस्मा झाला तरी बाई कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. धर्मगुरूंशी आणि सिस्टर्सशी त्यांचे वाद चालूच राहिले. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, आपल्या संस्कृतात का नकोत, असाही एक वाद होता. मला तो वाचून हसू आले आणि पटलाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. बालवाडीची पद्धत शिकल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, ते १८८७ मध्ये निघाले. आपल्या गिरगावच्या रखमाबाईंचा खटला त्याच सुमारास गाजत होता. अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नाला मी बांधलेली नाही, असे ती मुलगी कोर्टात म्हणत होती आणि कोर्ट तिला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा म्हणत होते. रमाबाईंनी आपल्या पुस्तकात तिची बाजू घेतली. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी नावाची अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, आणि १८९१ मध्ये संमतीचे वय कायद्याने दहावरून बारा झाले. दहावरून बारा! त्यालाही केवढा विरोध झाला. मुलांवरच्या अत्याचाराला त्या काळी अत्याचार हे नावच नव्हते. त्याला लग्न म्हणत, सासर म्हणत, प्रारब्ध म्हणत.

बोस्टनमध्ये मित्रांनी रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षे खर्च देण्याचे वचन दिले आणि त्या बळावर चौपाटीचे शारदा सदन उभे राहिले. पहिल्या दोघींतली एक गोदूबाई, बालपणीच विधवा झालेली. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी जे काम उभारले त्याचा एक धागा आपल्या चौपाटीपर्यंत येतो.

बालविधवा हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. जरा थांबून विचार करावा. सात-आठ वर्षांची पोर, तिचा नवरा मेला, त्याला तीच कारण. पुढे केस काढायचे, एक वेळ जेवायचे, शुभकार्यात तोंड दाखवायचे नाही. घरातली सगळी कामे तिची आणि मारही तिला. घरातल्याच एखाद्या पुरुषाने तिला नादी लावले किंवा बळजबरी केली, तर पाप तिचे. तो दुसऱ्या दिवशी पंगतीला बसायचा. हे सगळे घराच्या अब्रूसाठी. अब्रू नावाच्या त्या कुलपाला रमाबाईंनी हात घातला.

सदनात मुलीवर पहिल्या दिवसापासून काही लादले जात नसे. ज्या जातीची असेल तिला तिच्या रीतीने स्वयंपाक, तिची पूजा, तिचे सोवळे. केस वाढवायला मोकळीक. शाळा, बाग, पुस्तके. बाई स्वतः त्यांच्यात राहत आणि त्यांची मनोरमाही त्याच मुलींत वाढली. मुली बाईंच्या खोलीत केव्हाही जाऊ शकत. आज बालसेवेतली शिकलेली माणसे सांगतात की छळलेल्या मुलाला आधी सुरक्षित वाटले पाहिजे, रोजचे वेळापत्रक ठरलेले पाहिजे आणि एक तरी मोठे माणूस हक्काचे पाहिजे. रमाबाईंना हे कुणी शिकवले नव्हते. त्या स्वतः रस्त्यावर वाढल्या होत्या.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला गेले आणि १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. बातमी गावभर झाली, वर्तमानपत्रांतून टीका झाली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूला झाले. पंचवीसएक मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले. इथे मी रमाबाईंची सरसकट बाजू घेणार नाही. आपली मुलगी दुसऱ्या धर्मात जाईल ही पालकांची भीती पोकळ नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. संकटात सापडलेल्या लेकराला सांभाळणाऱ्याने त्याच्या घरच्यांचा विश्वास जपायलाच हवा. पण दुसरी बाजूही पाहावी. परत नेलेल्या मुलींना कुठे नेले? त्याच घरी, त्याच ओट्यावर. गावाला मुलीचा धर्म दिसला, तिचे दुखणे दिसले नाही.

यानंतरची पाच-सात वर्षे त्यांच्या कामातली सगळ्यात अवघड. तीर्थक्षेत्रांत विधवांचे काय होते ते पाहायला त्या साध्या यात्रेकरूच्या वेषात वृंदावनला गेल्या. धर्माच्या नावाने बायकांचा बाजार कसा चालतो ते डोळ्यांनी पाहून आल्या. मग १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पैसा नव्हता, जागा नव्हती. आपण जाऊन काय करणार असे त्यांनाही वाटले. पण स्वतःचे सोळावे वर्ष आठवले आणि त्या निघाल्या. सरकारी गरीबखान्यांतून हिंडल्या. तिथे अन्न कमी हे तर होतेच, पण त्यांच्या नजरेला पडले ते वेगळे. तरण्या मुली आणि लहान पोरी रात्री कुणाच्या ताब्यात असतात, मुकादम आणि पहारेकरी त्यांना काय किंमत घेऊन धान्य देतात, गावाबाहेर कोण माणसे टपून बसलेली असतात आणि मुली हळूहळू कुठे नाहीशा होतात. जिथे मदत मिळते तिथेच लेकरू सगळ्यात असुरक्षित असू शकते, हे त्यांनी उघड लिहिले. त्या खेपेला सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. हाडांचे सापळे, अंगभर खरूज, डोक्यात उवा. काही हाती लागल्या तरी वाचल्या नाहीत.

आणि नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. दौंडच्या वाटेवर केडगावला बाईंनी आधीच थोडी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे झोपड्या आणि तंबू ठोकून मुलींना नेले.

प्लेगच्या त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात अनेकदा दोन ओळींत उरकला जातो. मला तो सगळ्यात मोठा वाटतो. त्यांच्याकडची एक मुलगी आजारी म्हणून सरकारी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली. ती बाईंच्या हाती परत आली नाही. तिथल्या पहाऱ्यावरच्या माणसाने तिला नादाला लावले, असे बाईंना समजले. आपण काय केले असते? मुलगी गेली, आता बोलून काय उपयोग, संस्थेचे नाव खराब होईल, सरकारशी वैर कशाला. रमाबाईंनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात नाव घालून पत्र छापले. तुमच्या इस्पितळात बायका-मुली सुरक्षित नाहीत, असे त्यांनी सरकारला जाहीर सांगितले. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावले. बाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. ज्या सरकारकडून परवानग्या घ्यायच्या, त्याच्याच विरुद्ध एका अनाथ मुलीसाठी उभे राहायचे, याला फार मोठे काळीज लागते.

याच जागी थोडे आपल्याविषयी. चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. भिंती पातळ, गॅलरी एक, कुणाच्या घरी आज काय शिजले ते चार खोल्यांना कळते. तरीही काही आवाज कुणालाच ऐकू येत नाहीत. मूल एकाएकी अबोल होते, अंथरूण ओले करू लागते, एखाद्या काकांकडे, मास्तरांकडे किंवा शेजाऱ्याकडे जायला नाही म्हणते, आणि आपण त्यालाच रागावतो. ते धीर करून सांगते तेव्हा आपण विचारतो, तू तिथे गेलीसच कशाला? मुलग्याच्या बाबतीत तर ऐकूनच घेत नाही. आणि आईने तोंड उघडले तर घरातले सगळे तिच्यावर उलटतात, कारण कमावणारा तोच असतो.

ख्रिस्तसभेनेही हे पाप केले आहे. लेकरांना इजा करणाऱ्या धर्मगुरूंना नुसते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवले गेले, आणि संस्थेच्या नावासाठी तक्रारी दाबल्या गेल्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये बालकांच्या रक्षणासाठी आयोग नेमला आणि २०१९ मध्ये नियम केला की धर्मगुरू आणि व्रतस्थ यांनी अशी गोष्ट कळताच वरिष्ठांना कळवलीच पाहिजे. त्याच नियमाने बिशपांनाही जाब विचारता येतो. रमाबाईंच्या त्या पत्रानंतर सव्वाशे वर्षांनी आपण इथवर आलो.

देशाच्या कायद्यानेही आता आपल्याला गप्प बसण्याची सोय ठेवलेली नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की फादर असो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घेतात, पोलीस गणवेशात नसतात, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, आणि त्याचे नाव-गाव छापणे गुन्हा आहे. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. ही समिती मुलाच्या आणि आईवडिलांच्या संमतीने, खटला चालू असेपर्यंत कुटुंबाला साथ देणारी व्यक्ती नेमून देऊ शकते. कोर्टात काय होणार, समुपदेशन कुठे मिळेल, मुलाची शाळा कशी सुरू राहील, हे सगळे ती व्यक्ती बघते. बऱ्याच घरांना ही सोय ठाऊकच नसते. कुठलेही इस्पितळ, खासगी असले तरी, अशा मुलावर पहिले उपचार मोफत करायला बांधलेले आहे. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून पैशाची मदतही मिळू शकते. आणि १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक, जो १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला, तो आता सरकार चालवते. तिथे मूल स्वतःही फोन करू शकते. ही वही-कागदावर लिहून फ्रिजवर लावण्यासारखी माहिती आहे.

केडगावकडे परत येऊ. १९०० मध्ये गुजरात-राजपुतान्यात मोठा दुष्काळ पडला आणि तिथून आणखी मुली आल्या. मुक्तीची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या जणींना एकटी बाई काय पुरणार? इथे शारदा सदनच्या जुन्या मुली कामाला आल्या. ज्या दहा वर्षांपूर्वी स्वतः मार खाऊन आल्या होत्या त्या आता शिक्षिका झाल्या, मुलींच्या गटांच्या मेट्रन झाल्या. नव्या पोरीने रात्री किंकाळी फोडली तर ती का फोडते हे त्यांना समजावून सांगावे लागत नसणार.

दुष्काळातून आणलेल्या मुलींत अशाही होत्या ज्यांच्यावर वाटेत अत्याचार झाले होते. कुणी आजार घेऊन आल्या, कुणी गरोदर होत्या. इतर मुलींत त्यांना कुणी हिणवू नये आणि त्यांच्या औषधपाण्याकडे नीट लक्ष देता यावे म्हणून १८९९ मध्ये कृपा सदन हे निराळे घर झाले. फुलहॅमला पाहिलेले घर सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर उभे राहिले. हे काम सोपे नव्हते. या मुली चिडत, भांडत, पळून जात. प्रेमाने बोलणाऱ्यावरच त्यांचा सगळ्यात जास्त संशय. पुन्हा पुन्हा त्यांना घरात घेतले गेले. छळलेले मूल गोंडस आणि कृतज्ञ असेल ही आपली समजूत रमाबाईंकडे नव्हती. आपल्याकडे मात्र आहे. एखादे पोर उद्धट वागले की त्याच्याविषयीची आपली दया दोन दिवसांत आटते.

अंध मुलींसाठी ब्रेलचे वर्ग निघाले, वृद्ध आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठीही वेगळे सदन. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे पाळली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धोबीकाम, छापखाना, सगळे बायकांच्या हातात. सोडवून आणणे एका दिवसाचे काम असते. त्यानंतर तिला पोट भरता आले नाही तर तीच माणसे तिला पुन्हा गाठतात, हे बाई जाणून होत्या. म्हणून शाळेइतकेच महत्त्व धंद्याला होते.

मुक्तीतल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेकींचा बाप्तिस्मा झाला. शारदा सदनाच्या वेळची मोकळीक इथे तशी राहिली नाही. आजच्या कायद्यात आणि आजच्या विचारात संस्थेतल्या मुलाचा मूळ धर्म जपायचा असतो, आणि ते बरोबरच आहे. रमाबाईंना आजचा गज लावला तर त्या इथे कमी भरतील. पण त्या मुलींना घ्यायला दुसरे कोण रांगेत उभे होते, हाही प्रश्न विचारावा लागतो.

१९१९ मध्ये सरकारने, ज्याच्याशी त्या भांडल्या होत्या त्याच सरकारने, त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्या स्वतः साध्या पांढऱ्या लुगड्यात वावरत, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. सगळा कारभार मनोरमा सांभाळू लागली होती आणि आपल्यामागे ती आहे असे बाईंनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळिसाव्या वर्षी मिरजेला वारली. दोन हजार मुलींची आई स्वतःच्या एकुलत्या मुलीशिवाय राहिली.

त्यानंतर आठ-नऊ महिने त्या जगल्या. एक काम बाकी होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल करायचे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले होते. त्याचे शेवटचे तपासणीचे कागद हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांना देवाज्ञा झाली. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातून छापून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या, कागद उचलणाऱ्या आणि पाने शिवणाऱ्या बायकांत दुष्काळातून आलेल्या मुली होत्या.